कमी चारा, निकस चारा आणि शेळीच्या अंगातली चरबी : प्रकल्प नोंदी

१० मार्च

उस्मानाबादी जातीच्या भाकड, म्हणजे गाभण नसलेल्या आणि दूध न देणाऱ्या, शेळ्या निवडल्या. सहा दाती आणि आठ दाती, वजन २८ ते ३२ किलो, शरीरस्थितीचा गुण (अंगावरची चरबी-मांस हाताने चाचपून दिलेला) १ ते ५ च्या मापावर २.७५ ते ३.२५. तीन गट, प्रत्येकात ६. आधी वजन आणि गुण जुळवून तिघी-तिघींचे संच पाडले, मग चिठ्ठ्या टाकून कोण कोणत्या गटात ते ठरवले.

सगळ्या शेळ्या बोकडापासून ३५ दिवसांहून अधिक वेगळ्या राहिल्यावरच सोनोग्राफी केली. हे अंतर ठेवले नाही तर दोन-तीन आठवड्यांचा गर्भ पडद्यावर दिसत नाही आणि गाभण शेळी प्रयोगात शिरते. पोटातले करडू आईचे ग्लुकोज ओढून घेते, त्यामुळे तिची चरबी वितळण्याची चाल पूर्ण वेगळी असते. तो विषय महत्त्वाचा आहे, पण आधी भाकड शेळीचा पाया नीट समजायला हवा.

प्रकल्पाचा प्रश्न एका ओळीत: शेळी उपाशी राहते ती दोन प्रकारे, आणि दोन्ही वेळा तिची चरबी सारखीच वापरली जाते का? एक प्रकार म्हणजे चाराच कमी. दुसरा म्हणजे चारा पोटभर, पण निकस. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुसरा प्रकार जास्त दिसतो. गव्हाणीत कडबा असतो, शेळीचे पोट गोल दिसते, रवंथही चालू असते. म्हणून ती उपाशी आहे असे कुणाच्या मनातही येत नाही.

१५ मार्च

लेंडी तपासणी, नंतर जंतनाशक. शेळीचे शरीर फेनबेंडाझोलसारखी औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, म्हणून मेंढीचा डोस शेळीला अपुरा पडतो. १० मिग्रॅ प्रति किलो धरला, वजन करून. दहा-बारा दिवसांनी पुन्हा लेंडी तपासायची. रक्त पिणारे हिमॉन्कस जंत राहून गेले तर रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घटते. मुक्त मेदाम्ले, म्हणजे साठ्यातली चरबी फुटून निघालेली आम्ले, रक्तात अल्ब्युमिनला चिकटूनच फिरतात, त्यामुळे वाहकच कमी झाला तर मेदाम्लांच्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण जाते.

आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) यांच्या लसी आजच टोचल्या. आंत्रविषाराची लस प्रयोगाच्या शेवटासाठी आहे. कमी चाऱ्यावरून भरपूर चाऱ्यावर येताना हाच रोग दगा देतो.

२८ मार्च

आहाराचा हिशोब पक्का केला.

गोठ्यात बांधलेल्या शेळीला केवळ जगण्यासाठी, वजन ना वाढता ना घटता, चयापचयी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १०१ किलोकॅलरी चयापचयी ऊर्जा लागते. चयापचयी वजन म्हणजे वजनाचा ०.७५ घात. ३० किलोच्या शेळीचे ते १२.८ येते, म्हणजे दिवसाला १.३ मेगाकॅलरी. रानात चरायला जाणाऱ्या शेळीला यात चालण्याचे २५ ते ७५ टक्के वाढवावे लागतात. डोंगराळ आणि विरळ रान असेल तर ७५ टक्के.

पूर्ण गट, एका शेळीला दिवसाला:
ज्वारीच्या कडब्याची कुट्टी ४०० ग्रॅम, हिरवा लसूणघास ७५० ग्रॅम, खुराक १५० ग्रॅम. कोरडा पदार्थ साधारण ६४५ ग्रॅम, ऊर्जा १.३ मेगाकॅलरीच्या थोडी वर, प्रथिने ६५ ग्रॅमच्या आसपास.

साठ टक्के गट: तेच तीन पदार्थ, त्याच प्रमाणात, पण कुट्टी २४०, लसूणघास ४५०, खुराक ९० ग्रॅम.

कडबा गट: कुट्टी खाईल तेवढी, बाकी काही नाही. शिल्लक कुट्टी रोज सकाळी तोलायची. शेळी पाने निवडते आणि धांडे सोडते, म्हणून उरलेल्या कुट्टीचाही नमुना वाळवून ठेवायचा. तो तपासला नाही तर शेळीने प्रत्यक्षात काय खाल्ले हे कळत नाही, फक्त काय टाकले ते कळते.

तिन्ही गटांना खनिज मिश्रण १० ग्रॅम आणि मीठ ५ ग्रॅम वेगळे, पाणी मोकळे. खनिजे खुराकात मिसळायची नाहीत. मिसळली तर खुराक कमी करताना फॉस्फरस आणि कोबाल्टही कमी होतात. कोबाल्टवाचून कोठीपोटातल्या (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातल्या) जिवाणूंना ब-१२ जीवनसत्त्व तयार करता येत नाही, आणि प्रोपिओनेटपासून, म्हणजे जिवाणू चारा आंबवताना बनवतात त्या एका आम्लापासून, ग्लुकोज करायला यकृताला ते लागते. मग ऊर्जेचा प्रयोग खनिजांचा होऊन बसतो.

खुराक, १०० किलोला: मका भरडा ५०, गव्हाचा कोंडा २०, शेंगदाणा पेंड १५, हरभरा चुनी १५. पेंड ताजी आणि बुरशी नसलेली हवी. बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतले अफलाटॉक्सिन यकृतावरच घाव घालते. आपल्याला यकृत चरबीशी कसे वागते ते पाहायचे आहे, त्यामुळे पेंडीची ओल आणि वास प्रत्येक पोत्याला तपासायचा.

६ एप्रिल

वजनकाट्यावर किती विश्वास ठेवायचा, हे आकड्यांतच मांडून ठेवले.

साठ टक्के गटात रोजची तूट साधारण ५२० किलोकॅलरी. ती सगळी चरबीने भरून काढली असे धरले तर एक ग्रॅम चरबीला ९.४ किलोकॅलरी, म्हणजे रोज ५५ ग्रॅम चरबी. मेदऊतकात (चरबी साठवणाऱ्या ऊतकात) पाणी आणि इतर भाग धरून ते ७० ग्रॅमच्या आसपास. महिन्याला २ किलो. ही वरची मर्यादा आहे, कारण काही भार स्नायूंतली प्रथिने उचलतात आणि शरीर आपला रोजचा खर्चही कमी करते.

दुसऱ्या बाजूला, कोठीपोटातला माल शरीराच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतो. ३० किलोच्या शेळीत ३ ते ४.५ किलो. चारा कमी केला की पहिल्या आठवड्यात हा मालच घटतो. काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि चरबी मात्र जेमतेम पाव-अर्धा किलो गेलेली असते. कडबा गटात उलट घडेल. निकस, तंतुमय चारा कोठीपोटात जास्त वेळ अडकून राहतो, पोट भरलेले राहते आणि चरबी जात असताना काटा जागचा हलत नाही. एका गटात काटा नुकसान फुगवून दाखवतो, दुसऱ्यात लपवतो. या प्रकल्पात रक्त काढण्याचे मुख्य कारण हेच.

तरी वजन घ्यायचेच: आठवड्यातून एकदा, पहाटे, पाणी आणि चारा देण्याआधी, त्याच काट्यावर.

शरीरस्थितीचा गुण कमरेवर आणि छातीच्या हाडावर, दोन्ही ठिकाणी हाताने चाचपून. दोघांनी स्वतंत्र द्यायचा, पाव अंकाच्या टप्प्याने. शेळी चरबी कातडीखाली फार ठेवत नाही. ती आतड्यांवरच्या पडद्यात, आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती ठेवते. पाठीवर हात फिरवून मेंढीची स्थिती बरीचशी कळते, शेळीची कळत नाही. छातीच्या हाडावरची गादी त्यातल्या त्यात खरे सांगते. ती बोटांच्या चिमटीत धरून हलते का ते पाहायचे. ती सहज इकडेतिकडे हलत असेल आणि हाडाचे सांधे बोटाला लागत असतील तर गुण दोनच्या खाली. सोनोग्राफीच्या ७.५ मेगाहर्ट्झच्या सरळ प्रोबने त्याच जागी चरबीची जाडी मोजून ठेवली. केस भादरून, जेल लावून, प्रोब न दाबता. प्रोब दाबला की थर चेपतो आणि माप कमी येते.

१० एप्रिल

रक्त काढण्याची पद्धत. शेळ्यांना धरण्याची सवय दोन आठवडे रोज केली आहे आणि हे काम टाळता येण्यासारखे नाही. घाबरलेल्या शेळीच्या अंगात ॲड्रेनलिन उसळते, त्याने मेदपेशींतील चरबी फोडणारे लायपेज एंझाइम चेतते आणि काही मिनिटांत मुक्त मेदाम्ले वाढतात. पाठलाग करून धरलेल्या शेळीचा आकडा उपासमारीचा नसतो, पाठलागाचा असतो. म्हणून धरण्याचा क्रमही दर वेळी बदलायचा, नाहीतर तीच शेळी कायम शेवटी येते आणि तिचा आकडा कायम चढा दिसतो.

वेळ पहाटे ६, गव्हाणीत काही टाकण्याआधी. मानेच्या शिरेतून, १८ किंवा २० गेजची सुई, एकूण ८ मिली. वाटणी अशी:

साध्या लाल झाकणाच्या नळीत ४ मिली: मुक्त मेदाम्ले, ग्लिसरॉल, अल्ब्युमिन, यकृताची एंझाइमे.
राखाडी झाकणाच्या, सोडियम फ्लोराइडच्या नळीत २ मिली: ग्लुकोज. साध्या नळीत तांबड्या पेशी ग्लुकोज खात राहतात.
ईडीटीए नळीत २ मिली: संप्रेरकांसाठी.

हेपरिनची नळी मेदाम्लांसाठी वापरायची नाही. हेपरिनमुळे नळीतच चरबी फुटून आकडा चढू शकतो.

केटोनचे (चरबी अर्धवट जळून बनणाऱ्या पदार्थाचे) माप, म्हणजे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, पुढे बीएचबी, गोठ्यातच हातातल्या मीटरवर, सुईतल्या ताज्या थेंबावर. रक्त काढल्यावर नळ्या बर्फात, तासाभरात मिनिटाला ३००० फेऱ्यांवर १५ मिनिटे फिरवून, सीरम (पेशी खाली बसल्यावर वर राहणारा द्रव) तीन छोट्या कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर. तीन कुप्या यासाठी की एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवावी लागू नये.

चारा दिल्यानंतर ४ तासांनी बीएचबीचे दुसरे माप घ्यायचे. रवंथ करणाऱ्या जनावरात बीएचबी दोन वाटांनी येते. यकृत मेदाम्ले जाळते तेव्हा ते तयार होते, आणि कोठीपोटाचे अस्तर चाऱ्यातून निघालेल्या ब्युटिरेट या आम्लापासूनही ते तयार करते. पोटभर खाल्लेल्या शेळीतही खाण्यानंतर बीएचबी चढते. एकाच वेळी मोजले तर हे दोन स्रोत वेगळे काढता येत नाहीत.

१२ एप्रिल

आहार बदलला. मूळ नमुने आज पहाटे घेतले. तिन्ही गटांत मुक्त मेदाम्ले ०.२ मिलीमोल प्रति लिटरच्या आसपास, बीएचबी ०.५ च्या आत, ग्लुकोज ५० ते ७५ मिग्रॅ प्रति डेसीलिटरच्या नेहमीच्या पट्ट्यात.

१४ एप्रिल

४८ तास. साठ टक्के गटात मुक्त मेदाम्ले दुपटीच्या वर. कडबा गटात वाढ आहे, पण संथ. ग्लुकोज दोन्हीकडे जवळपास जागच्या जागी.

ग्लुकोज हलले नाही यात आश्चर्य नाही. शेळी चाऱ्यातले ग्लुकोज आतड्यातून फारसे शोषत नाही, ती ते यकृतात तयार करते, मुख्यतः प्रोपिओनेटपासून. चारा घटला की प्रोपिओनेट घटते, इन्शुलिन खाली येते, ग्लुकागॉन आणि वाढीचे संप्रेरक वर चढतात. इन्शुलिनचा लगाम सुटला की मेदपेशीतली लायपेज एंझाइमे ट्रायग्लिसराइडचे, म्हणजे साठलेल्या चरबीचे, तुकडे करतात: एका रेणूतून तीन मेदाम्ले आणि एक ग्लिसरॉल. स्नायू मेदाम्ले जाळायला घेतात आणि ग्लुकोज मेंदूसाठी राखले जाते. ग्लिसरॉल यकृतात जाऊन ग्लुकोज बनते. म्हणजे ग्लुकोज टिकवण्यासाठीच चरबी खर्च होते. ग्लुकोज खाली आलेले दिसते तेव्हा ही सगळी व्यवस्था आधीच थकलेली असते. उपासमार लवकर पकडायला ग्लुकोज मोजणे हा चुकीचा निर्देशक आहे, शिवाय भीतीनेही ते चढते.

याच वेळी मेदपेशींत नवी चरबी बनणे बंद होते. शेळीत नवी चरबी यकृतात नाही, मेदऊतकात बनते, आणि तीही मुख्यतः ॲसिटेटपासून, म्हणजे चारा आंबताना निघणाऱ्या दुसऱ्या आम्लापासून. ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज आणि फॅटी ॲसिड सिंथेज ही एंझाइमे मंदावतात. मेदऊतकातले लायपोप्रोटीन लायपेजही उतरते, त्यामुळे रक्तातली चरबी साठ्यात ओढली जात नाही.

२२ एप्रिल

साठ टक्के गटाचे वजन पहिल्या आठवड्यात झपकन उतरले, आता उतार मंद. कडबा गटाचे वजन जवळपास स्थिर. पोटाचा घेर उलट थोडा वाढलेला. याच गटात मुक्त मेदाम्ले आता साठ टक्के गटाच्या बरोबरीला आली.

कडबा गटात रोजचे खाणेही पहिल्या आठवड्यापेक्षा कमी झाले आहे, गव्हाणीत कुट्टी असूनही. कारण कोठीपोटातले जिवाणू. कडब्यात प्रथिने जेमतेम ४ टक्के. जिवाणूंना नत्र कमी पडले की तंतू फोडण्याचा वेग घटतो, माल पुढे सरकत नाही, पोट भरलेलेच राहते आणि शेळी तोंड फिरवते. शेळी लाळेतून युरिया परत कोठीपोटात आणून हे काही काळ सावरते, आणि या बाबतीत ती गाय-मेंढीपेक्षा काटक आहे. पण त्यालाही सीमा आहे.

या गटाची दुसरी अडचण किण्वनाच्या स्वरूपाची. कडब्यावर ॲसिटेट जास्त, प्रोपिओनेट कमी. ॲसिटेटपासून ग्लुकोज होत नाही. चरबी पूर्ण जाळण्यासाठी यकृताच्या चक्रात ऑक्झॅलोॲसिटेट नावाचा घटक लागतो आणि तोच ग्लुकोज बनवायलाही खर्च होतो. दोन्हीकडची ओढ वाढली की मेदाम्ले अर्धवट जळून केटोन बनतात. तरीही पहाटेचे बीएचबी अजून दोन्ही गटांत ०.८ च्या खाली. भाकड शेळीला ग्लुकोजची गरज मर्यादित असते, म्हणून ती केटोसिसपर्यंत (रक्तात केटोन साचण्याच्या आजारापर्यंत) सहसा जात नाही. चाऱ्यानंतरचे बीएचबी तर कडबा गटात पूर्ण गटापेक्षा कमी आहे, कारण ब्युटिरेटच कमी बनते. बीएचबी कमी आहे म्हणून शेळी सुखात आहे, असा अर्थ इथे काढता येत नाही.

३० एप्रिल

प्रयोगशाळेचा दिवस. मुक्त मेदाम्लांची एंझाइम-रंग पद्धत, वाचन ५५० नॅनोमीटरवर. प्रमाण द्रावण १ मिलीमोल. प्रत्येक नमुना दोनदा, दोन वाचनांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुन्हा.

काय बिघडते ते:

लालसर सीरम. बारीक सुईतून जोरात ओढले किंवा नळी हलवली की तांबड्या पेशी फुटतात. हिमोग्लोबिनचा रंग वाचनात मिसळतो. असे नमुने बाद, दुरुस्ती करून वापरायचे नाहीत.

उशीर. सीरम पेशींवर तासन्‌तास उन्हाळ्याच्या तापमानात राहिले की मेदाम्ले नळीतच वाढतात.

वीज. फ्रीझरमध्ये तापमान नोंदवणारे यंत्र ठेवले आहे आणि वरच्या कप्प्यात गोठवलेल्या मिठाच्या पाण्याच्या बाटल्या. उणे १० च्या वर गेलेल्या काळातल्या कुप्यांवर खूण.

ग्लिसरॉल सोबत मोजण्याचा फायदा आज दिसला. फुटलेली काही मेदाम्ले मेदपेशीतच पुन्हा ग्लिसरॉलला जोडली जातात, रक्तात येतच नाहीत. ग्लिसरॉलचे तसे होत नाही, मेदपेशी ते परत फारसे वापरू शकत नाही. म्हणून चरबी किती फुटली हे ग्लिसरॉल जास्त प्रामाणिकपणे सांगते आणि किती बाहेर पडली हे मेदाम्ले सांगतात. दोघांचे गुणोत्तर तीनच्या बरेच खाली असेल तर पुनर्जोडणी चालू आहे किंवा शरीर मेदाम्ले लगेच जाळते आहे. पूर्ण गटात ते खाली आहे, साठ टक्के गटात तीनकडे सरकते आहे.

६ मे

मेदऊतकाचे नमुने, प्राणी नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीनुसार. शेपटीच्या मुळाजवळ, केस भादरून, निर्जंतुक करून. भूल लिग्नोकेनची. शेळीला लिग्नोकेन लवकर बाधते, झटके येऊ शकतात. ४ मिग्रॅ प्रति किलो ही सीमा धरली: ३० किलोच्या शेळीला १२० मिग्रॅ, म्हणजे २ टक्के द्रावणाचे ६ मिली. प्रत्यक्षात १ टक्क्यावर पातळ करून ४ मिलीत भागले. पातळ केल्याने आकारमान मिळते आणि औषध कमी जाते.

साधारण २५० मिग्रॅ ऊतक. अर्धे द्रव नायट्रोजनमध्ये, जनुकांच्या कामासाठी. अर्धे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, पेशींचा आकार मोजण्यासाठी. मेणात बसवताना अल्कोहोल आणि झायलिनमध्ये चरबी विरघळून जाते, पण पेशीची रिकामी चौकट शिल्लक राहते. आकारासाठी ती पुरते. चरबीच रंगवायची असेल तर गोठवून काप घ्यावे लागतात आणि ऑइल रेड ओ हा रंग वापरावा लागतो. दर नमुन्यात किमान २०० पेशींचा व्यास. उपासमारीत मेदपेशींची संख्या लगेच घटत नाही, पेशी आकसतात. लहान पेशी जास्त दिसल्या म्हणजे नव्या पेशी आल्या असे नाही.

साठ टक्के गटातल्या ज्या शेळ्यांचा गुण २ वर आला आहे त्यांच्यात शेपटीजवळ ऊतक मिळवणेच कठीण गेले. कातडीखालच्या नमुन्यावरून आतड्यांवरच्या चरबीबद्दल बोलायचे नाही, अशी टीप निष्कर्षांच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत घातली. पोटातला साठाच शेळीचा मुख्य साठा आहे, आणि तो जिवंत शेळीत सोनोग्राफीसारख्या पद्धतीनेच अंदाजता येतो.

९ मे

दुपारचे तापमान चाळिशीच्या वर. छपरावर तुराट्या आणि पाचटाचा थर, बाजूंना ओली बारदाने, पाणी मातीच्या कुंडांत दिवसातून तीनदा बदलून.

हे केवळ दया म्हणून नाही. उष्णतेच्या ताणातल्या दुभत्या शेळ्या कमी खातात, पण त्या प्रमाणात चरबी सोडत नाहीत, इन्शुलिनचा प्रभाव टिकून राहतो. चरबी जाळण्याने उष्णताही निर्माण होते आणि शरीर ती टाळते. त्यामुळे उन्हात धापा टाकणाऱ्या शेळीत मेदाम्ले कमी दिसली तर चारा पुरेसा आहे असा अर्थ होत नाही. सावली नसेल तर उपासमार आणि उष्णता यांचे परिणाम एकमेकांत गुंततात. श्वासांची गती रोज दुपारी ३ वाजता मोजतो.

१२ मे

बालाघाटच्या डोंगराकडेला चरणाऱ्या कळपातल्या दुभत्या शेळ्यांच्या दुधाचे नमुने. हा मुख्य प्रयोगाचा भाग नाही, पण मेदाम्ले शेवटी कुठे जातात ते दुधात स्वच्छ दिसते.

दुधातले फॅट मोजण्याची गर्बर पद्धत: सल्फ्युरिक आम्ल १० मिली, दूध १०.७५ मिली, अमाइल अल्कोहोल १ मिली, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचन. फॅट टक्के चढे. दूध मात्र निम्म्यावर. टक्के वाढले म्हणून फॅट वाढले नाही, दिवसाचे ग्रॅम मोजले तर घटच आहे. फॅटवर दर मिळत असेल तर पशुपालकाला हा बदल चांगला वाटू शकतो, म्हणून तो समजावून सांगणे गरजेचे.

फॅटची जातही बदलते. कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही लहान-मध्यम साखळीची आम्ले कास स्वतः ॲसिटेटपासून बनवते, ती कमी होतात. ओलीक आम्ल वाढते, कारण शेळीच्या साठलेल्या चरबीत ते भरपूर असते आणि कास ते रक्तातून उचलते. ही आम्ले वेगळी करून मोजण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीचे नमुने वेगळे गोठवले. रक्त न काढता चरबीचा खर्च ओळखण्याचा हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो. दूध सगळ्यांच्या हाताशी असते.

१६ मे

मुक्त मेदाम्ले दोन्ही गटांत आता उतरत आहेत. आहार तोच आहे.

हा आकडा वाचताना सर्वांत जास्त गफलत होते. उतरण्याची कारणे दोन. शरीराने रोजचा खर्च कमी केला: यकृत आणि आतडी हे सर्वांत खर्चिक अवयव आकसतात, थायरॉइडची संप्रेरके उतरतात. वाळवंटातली काळी बेदुइन शेळी चारा निम्म्यावर आला तरी वजन टिकवू शकते ते याच बळावर. कॅनरी बेटांवर कोरड्या फुएर्तेव्हेंतुराची माजोरेरा आणि हिरव्या ला पाल्माची पाल्मेरा यांच्यात जो फरक सांगितला जातो, माजोरेरा उपासमारीला जास्त काटक, तोही याच क्षमतेकडे बोट दाखवतो. दुसरे कारण वाईट: सोडायला चरबीच उरलेली नाही. गुण २.२५ असताना उतरलेली मेदाम्ले म्हणजे जुळवून घेणे. गुण १.७५ असताना उतरलेली मेदाम्ले म्हणजे साठा संपणे, आणि त्यापुढचा खर्च स्नायूंतून. मेदाम्लांचा आकडा छातीच्या हाडावरच्या गुणाशिवाय कुठेही लिहायचा नाही, असे ठरवले.

कडबा गटातल्या एका शेळीचा गुण १.७५. थांबवण्याची आमची सीमा हीच होती, तिला आजच वेगळे करून आहार सुरू केला. तिचे वजन सुरुवातीच्या वजनापेक्षा फार कमी नाही. नुसत्या काट्यावर राहिलो असतो तर ती सीमेत बसली असती.

१७ मे

उरलेल्या सर्वांचा कमी आहार आज थांबवला. शेवटचे पहाटेचे नमुने, वजन, गुण, सोनोग्राफी.

आहार वाढवण्याची पायरी:

साठ टक्के गट: दर तीन दिवसांनी दहा टक्के वाढ, पूर्ण आहारापर्यंत, मग १२० टक्के.

कडबा गट: धान्य लगेच नाही. पहिले ५ दिवस कुट्टीबरोबर लसूणघास किंवा शेवरी ५०० ग्रॅम आणि तुरीचे भुसकट २०० ग्रॅम. आधी जिवाणूंना नत्र मिळू द्यायचे. नंतर खुराक ५० ग्रॅमपासून, दर तीन दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत २५० ग्रॅमपर्यंत, दोन वेळांत विभागून, कुट्टी खाऊन झाल्यावर. खुराकात १ टक्का खाण्याचा सोडा.

घाई केल्यास काय होते: लॅक्टिक आम्ल वापरणारे जिवाणू कमी असतात, मक्याचे पीठ झपाट्याने आंबते, कोठीपोटाचा सामू ५.५ च्या खाली जातो. लेंड्या मऊ, मग पातळ, शेळी दात खाते, रवंथ थांबते. लेंड्या सैल दिसताच वाढ तिथेच थांबवायची आणि कडबा वाढवायचा.

२१ मे

साठ टक्के गटात मुक्त मेदाम्ले मूळ पातळीवर परतली. इन्शुलिन परत आले की चरबी फुटणे दोन-तीन दिवसांत आवरते. कडबा गटात धान्याविनाच कुट्टीचे खाणे वाढलेले, पोटाचा घेर कमी झालेला.

शरीरस्थितीचा गुण मात्र कुठेच हललेला नाही, आणि आणखी काही आठवडे हलणार नाही. रक्त दिवसांत बोलते, हाड महिन्यांत. आधी यकृत आणि आतडी भरून येतात, मग स्नायू, चरबी शेवटी.

१४ जून

पाऊस लागला. शेळ्या रानात सोडण्याआधी सकाळी अर्धा पोट कडबा द्यायचा, कोवळे गवत एकदम खाऊ द्यायचे नाही. आंत्रविषाराच्या लसीचा दुसरा डोस झालेला आहे.

पुढचा टप्पा शेवटच्या ५० दिवसांतल्या गाभण शेळ्यांचा, विशेषतः जुळी असलेल्यांचा. उस्मानाबादीत जुळी नेहमीची. करडांची बहुतेक वाढ याच काळात होते आणि वाढलेले गर्भाशय कोठीपोटाची जागाही घेते. त्यामुळे कडब्यावरची गाभण शेळी दोन्हीकडून अडते. भाकड शेळीत बीएचबी हलले नव्हते, इथे ते हलेल. कामाच्या सीमा अशा ठरवल्या:

बीएचबी ०.८ मिलीमोल प्रति लिटरच्या खाली: खुराक २०० ते ३०० ग्रॅम, दोन वेळांत.
०.८ आणि वर: रोजचे माप, खाणे तोलून, पशुवैद्यकाला कळवणे, त्यांच्या सल्ल्याने प्रोपिलीन ग्लायकॉल ६० मिली दिवसातून दोनदा तोंडाने. ते यकृतात थेट ग्लुकोजच्या वाटेला लागते.
३.० च्या जवळ किंवा वर, शेळी मागे राहते, डोळ्यांपुढचे टिपत नाही, खाणे सोडते: तातडीची केस, शिरेतून ग्लुकोज आणि करडे काढण्याचा निर्णय पशुवैद्यकाचा.

लघवीच्या पट्ट्यांवर विसंबायचे नाही. त्या ॲसिटोॲसिटेट दाखवतात, बीएचबी दाखवत नाहीत. आणि गुण ४ च्या वरच्या जाड गाभण शेळ्या यादीत आधी घ्यायच्या. त्यांच्याकडे सोडायला चरबी जास्त असते, आणि रवंथ करणाऱ्या जनावराचे यकृत चरबी बाहेर पाठवण्यात दुबळे असते, म्हणून ती तिथेच साचते. बारीक शेळीकडे लक्ष आपोआप जाते, जाड शेळीचे रक्त मुद्दाम तपासावे लागते.

मीटरच्या पट्ट्यांची मुदत तपासून नव्या मागवल्या. सोनोग्राफीने जुळी ओळखण्याचे काम ४५ ते ६० व्या दिवसाच्या खिडकीत बसवले.